उजव्या हाताचा ब्रेक

“तुम्ही सरावाला कुठल्या उतारावर जाता?”

वीणानं हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात उप्पिटाचा मोठा घास होता, हे माझं नशीब. घास चावायला माणसाला वेळ घेता येतो. मी तो घेतला, आणखी थोडा घेतला, पाणी प्यायलो आणि म्हणालो, “मिळेल त्या.”

“म्हणजे आगाशिवला?”

“आगाशिवलाही.”

शेजारी बसलेल्या गुरुपादमामानं बशीत डोकं घातलं ते वर काढेचना. काढणार कुठल्या तोंडानं? सगळी करणी त्याचीच होती.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, कराडात माझं चष्म्याचं छोटं दुकान होतं, आणि माझं लग्न जमवायचा विडा मामानं उचलला होता. माझ्या बायोडाटात छंदाच्या रकान्यात मी ‘वाचन’ लिहिलं होतं. मामा म्हणाला, “वाचन म्हणजे दुसरं काही येत नाही असं समजतात लोक.” मग साताऱ्याच्या स्वामी सरांकडून त्यांच्या मुलीचा बायोडाटा आला. तिच्या छंदात पहिलंच ‘माउंटन बायकिंग’ होतं. मामानं मला न विचारता माझ्याही कागदावर तेच टाकलं, आणि हात आखडता कशाला घ्यायचा म्हणून पुढं कंसात ‘राज्यस्तर’ असंही टाकलं. मला हे कळलं मुलगी पाहायला जाताना, जीपमध्ये, उंब्रजच्या पुढं.

“मामा, अरे मला साधी सायकलसुद्धा उतारावर चालवता येत नाही. मी उतरून हातात धरतो.”

“लग्नानंतर कोण विचारतंय रे रेवण?”

तिनं लग्नाआधीच विचारलं.

मी खरं सांगून टाकायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एक अडचण झाली होती. मला ती आवडली होती. ती खोलीत आल्यावर मी तिच्या हनुवटीकडं पाहिलं; तिथं बोटभर लांबीचा व्रण होता आणि फोटोत तो नव्हता. तिनं माझी नजर ओळखली. “फोटोवाल्यानं पुसला,” ती म्हणाली. “मी पुसू नका म्हटलं होतं. सायकलवरून पडले होते, दोन वर्षांपूर्वी.” इतकं सरळ. दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासणारा माणूस मी. बघायला आलेल्या लोकांसमोर इतके स्थिर डोळे मी पाहिले नव्हते. आता ‘बाई गं, माझा तो छंद खोटा आहे’ असं म्हणायचं, आणि तिनं उठून आत जायचं? माझी छाती झाली नाही. मी मुळातच भित्रा माणूस आहे, आणि त्या दिवशी तर माझ्याकडं गमावण्यासारखं काहीतरी होतं.

“मग पुढच्या रविवारी याल?” तिनं विचारलं. “यवतेश्वरच्या पठारावरून गुरांची एक वाट खाली उतरते. मी तिथंच जाते. इथं चार लोकांत बसून काय कळणार?”

“उत्तम,” तिचे वडील म्हणाले. स्वामी सर हायस्कुलात क्रीडाशिक्षक होते. बसले तरी ताठ बसायचे. “मी तुम्हाला वर सोडतो आणि खाली टपरीवर थांबतो.”

“येणार की!” मामा म्हणाला. बशीतून डोकं काढायला त्याला नेमका हाच मुहूर्त सापडला.

*

आमच्या गल्लीत तात्या थोरात राहायचे. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली वीस कराड–चिपळूण, म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी माझ्या दुकानात पेपर वाचायला यायचे. सोमवारी मी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग चष्मा पुसला आणि म्हणाले, “सायकल हाय का?”

सायकल होती. एका मित्राकडून मी मागून आणली होती. जाड टायरची, गिअरची, पण साधीच.

“तात्या, तुम्ही कधी असली सायकल चालवलीय?”

“न्हाई.”

“मग शिकवणार काय?”

“आरं, उतार सायकलीला येगळा आन् गाडीला येगळा आसतोय व्हय?”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आगाशिवच्या पायथ्याला गेलो. एक मळलेली पायवाट होती, दीडशे पावलांचा उतार. मला तो कडा वाटला. तात्यांनी मला सायकलवर बसूच दिलं नाही.

“आदी ब्रेक. घाटाच्या तोंडाला गाडी हुबी करून ब्रेक बघितल्याबिगर मी येक दिस खाली उतरलो न्हाई. दाब येकयेक. कुठला फुडचा, कुठला मागचा, ते हाताला कळाय पायजे. डोक्याला कळून उपेग न्हाई.”

मी सायकल हातात धरून चार पावलं चाललो. उजवा दाबला की पुढचं चाक थांबायचं, डावा दाबला की मागचं.

“आता ध्यानात ठेव. फुडचा येकटा जोरात दाबलास की सायकल हितंच ऱ्हाती आन् तू फुडं जातूस. दोन्ही संगं दाबायचं. मऊ हातानं. म्हशीची धार काढतूयास आसं.”

म्हशीची धार मी कधी काढली नव्हती, हे मी सांगितलं नाही. एका वेळी एकच कमतरता उघडी करावी.

पहिल्या दिवशी मी चारदा पडलो. चारही वेळा कारण एकच: वाटेच्या कडेला एक दगड होता, त्या दगडावर जायचं नाही असं ठरवून मी त्याच्याकडं टक लावून बघायचो आणि बरोबर त्याच्यावर जायचो. तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. “तू दगडाकडं बघतूस कशाला? त्यो काय तुज्या अंगावर येनार हाय? वाट कुटं जातीय तितं बघ. मानूस बघंल तितं गाडी जाती.”

दुसऱ्या दिवशी माझं बूड सुजलं होतं. दर खड्ड्याला सीट खालून फटका द्यायची. तात्यांनी विचार केला. ड्रायव्हर म्हणून त्यांना याचा अनुभव नव्हता, पण त्यांना त्यांचा कंडक्टर आठवला. “आमचा सावंत कंडक्टर. खराब रस्ता आला की त्यो बसायचाच न्हाई. गुडघं वाकवून हुबा ऱ्हायचा, गाडी कितीबी नाचूदे. बसल्याली पाशिंजरं आदळायची, ह्यो आपला तिकिटं फाडतूय.” मग मी सीट खाली केली, दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर ठेवली, बूड उचलून जरा मागं नेलं आणि गुडघे सैल सोडले. आणि काय सांगू, सायकल माझ्या खाली नाचत राहिली आणि मी वर तसाच. मी आनंदानं ओरडलो आणि त्या आनंदात पडलो.

वळणं गुरुवारी झाली. “वळनात ब्रेक न्हाई. काय आवरायचं ते वळनाच्या आदी आवरायचं. वळनात शिरल्यावर गाडीला तिचं काम करू द्यायचं.”

शनिवारी मी तो उतार सहा वेळा न पडता उतरलो. तात्यांनी घड्याळ बघितलं.

“खरं सांगू? तू उतरत न्हाईस. तू जिन्यावरनं सायकल खाली आनतूयास. पर अख्खी आनतूयास, तेबी काय कमी न्हाई.”

परत येताना ते सहज म्हणाले, “त्या पोरीला सांगून टाक की रं.”

“सांगितलं तर ती नाही म्हणेल, तात्या.”

“आन् न सांगता हो म्हनली, तर ती कुनाला हो म्हनली?”

सायकल हातात होती, ती ढकलत राहिलो.

*

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पठारावर होतो. डिसेंबर महिना, तोंडातून वाफ निघत होती. मी मफलर गुंडाळला होता. स्वामी सरांनी जीपच्या टपावरून दोन्ही सायकली उतरवल्या आणि माझ्या सायकलीकडं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ही तुमची?”

“मित्राची. माझी दुरुस्तीला आहे.” हे उत्तर मामानं मला फोनवर पाठ करून दिलं होतं.

“पुढं स्प्रिंगसुद्धा नाही हो हिला. वीणा, तुझी सायकल पाहुण्यांना दे.”

“नको, नको,” मी म्हणालो.

“असं कसं? आमच्याकडं आलाय तुम्ही. घरची चांगली वस्तू पाहुण्याला देत नाहीत तर कुणाला देतात?”

वीणानंही आग्रह केला. “घ्या ना. माझा चुलतभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्यानं आणली होती. चार वर्षं हीच चालवतेय. राज्यस्तरावरच्या माणसाला आवडेल.” ती हसत म्हणाली, त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला तो लागला.

सर जीप घेऊन खाली गेले. वीणा हेल्मेटचा पट्टा आवळत होती. तात्यांनी शिकवल्याप्रमाणं मी तिची सायकल हातात धरून चार पावलं चाललो आणि ब्रेक दाबून बघितले. उजवा दाबला, मागचं चाक फरफटलं. डावा दाबला, पुढची स्प्रिंग खाली बसली.

मी पुन्हा दाबले. तेच. हिचे ब्रेक उलटे होते.

आता साधी गोष्ट होती. तोंड उघडून विचारायचं, “अहो, हे ब्रेक उलटे कसे?” पण मग मला वाटलं, परदेशी सायकली अशाच असतील आणि राज्यस्तरावरच्या माणसाला ते ठाऊकच असणार. विचारलं की पितळ उघडं. मी फक्त माझ्या हातांना दोनदा बजावलं: दोन्ही संगं, मऊ. आणि गप्प बसलो.

वीणानं माझ्या सायकलीचे ब्रेक दाबून बघितले नाहीत. ज्याला येतं तो कशाला बघेल?

“मी पुढं होते. चालेल?” ती म्हणाली आणि गेलीसुद्धा.

काय उतरायची ती! मी पहिल्या वळणापर्यंत पोचेतो ती तिसऱ्या वळणावर होती. मग तिच्या निळ्या हेल्मेटचा ठिपका राहिला, मग तोही नाही. मी माझ्या गतीनं निघालो. वाट तांबडी, दोन्ही बाजूंनी वाळलेलं गवत, मध्येमध्ये मुरुमाचा भुगा. बूड उचललेलं, गुडघे सैल, नजर पुढं. आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मला मजा येतेय. भीती होती, पण ती आता माझ्या मागं कॅरिअरवर बसल्यासारखी होती. हँडल माझ्या हातात होतं. मी चक्क गुणगुणत होतो.

तेवढ्यात खालून आवाज आला. आधी मुरूम खरवडल्याचा, मग काहीतरी आपटल्याचा, मग काहीच नाही.

करवंदीच्या जाळ्यांपाशी वाट डावीकडं काटकोनात वळत होती. मी वळणाच्या आधीच थांबलो आणि धावत गेलो. मित्राची सायकल वाटेत आडवी पडली होती, चाक अजून फिरत होतं. वीणा चार हात पुढं, जाळीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा पडला होता. डाव्या हातानं उजवा खांदा धरला होता.

“पुढचं चाकच अडकलं,” ती म्हणाली. “मी मागचाच ब्रेक दाबला होता. उजवा. वर सगळीकडं दोन्ही मिळून दाबत आले, इथं तेवढा एकटा.”

चार वर्षं तिच्या उजव्या हातात मागचा ब्रेक होता. आज तिच्या उजव्या हातात पुढचा होता, आणि ते या डोंगरावर फक्त मला माहीत होतं.

मी मफलर काढला आणि तिचा हात छातीशी घेऊन गळ्यात बांधला. तिनं दात दाबून धरले, पण ओरडली नाही. फोनला रेंज होती. सरांना सांगितलं, ते म्हणाले, वाट जिथं कच्च्या रस्त्याला मिळते तिथं जीप आणतो, वीस मिनिटं चालावं लागेल. मी तिला पाणी दिलं. हेल्मेटला मोठी चीर गेली होती. डोकं सहीसलामत होतं.

आता मी बोललो नसतो तरी चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. ती म्हणाली असती, मुरुमावर घसरले. लोक म्हणाले असते, होतं असं.

“मला ब्रेकचं माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“तुमच्या सायकलीचे उलटे आहेत. वर मी दाबून बघितले होते. माझ्या सायकलीला उजवा पुढचा आहे. मला तेव्हाच कळलं होतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. “आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“नाही.”

“का?”

“विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की मला काही येत नाही. मी राज्यस्तरावर नाही. गल्लीच्या स्तरावरही नाही. मंगळवारी पहिल्यांदा या सायकलवर बसलो. ते बायोडाटात मामानं लिहिलं, पण मी खोडलं नाही. माझ्यामुळं पडलात तुम्ही.”

मला रडू येत होतं, हे मी लपवत नाही. मग तिचा चेहरा लाल झाला.

“मूर्ख आहात तुम्ही!” ती म्हणाली. “एक शब्द! एक शब्द बोलायचा होता!”

“हो.”

“आणि मी... मी या वळणावर कधी एवढ्या जोरात येत नाही. कधीच नाही! मागून राज्यस्तरावरचा माणूस येतोय, त्याला आपण हळूबाई वाटू नये म्हणून—” ती थांबली. तिच्या तोंडाचा कोपरा हलला. “मंगळवारी?”

“मंगळवारी.”

“आणि मी वर मागं वळून बघितलं, तुम्ही दिसेना, तर मला वाटलं, मुद्दाम अंतर ठेवताहेत. केवढा सभ्य माणूस!”

ती हसली, हसल्यामुळं खांदा दुखला, दुखल्यामुळं कळवळली आणि पुन्हा मला मूर्ख म्हणाली. आम्ही सायकली जाळीआड ठेवल्या आणि चालत उतरलो. वीस मिनिटांच्या वाटेत ती मला आणखी तीनदा मूर्ख म्हणाली. मी मोजत होतो, कारण तिसरा जरा सौम्य होता.

*

दवाखान्यात कळलं, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात. बाहेरच्या बाकावर मी स्वामी सरांनाही सगळं सांगितलं, ब्रेकसकट. ते ताठ बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “हाड जुळेल. बाकीचं कळवतो.”

“‘कळवतो’ म्हणजे नकार,” मला न्यायला जीप घेऊन आलेला मामा परतीच्या वाटेवर म्हणाला. “शहाण्या, सांगितलंस कशाला? खांद्याला हात देऊन खाली आणलंस, हिरो झाला असतास!”

“तू बोलू नकोस,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी मामाला असं बोललो. त्यानंतर त्यानं उंब्रजपर्यंत तोंड उघडलं नाही.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी एकदा तिच्या तब्येतीची चौकशी करायला फोन केला. सर म्हणाले, बरी आहे, झोपलीय. सकाळचे अकरा वाजले होते. मी काय ते समजलो. पण रोज पहाटे आगाशिवला जाणं मात्र सुटलं नाही. कशासाठी जातो, हे तात्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मित्रानं सायकल परत मागायचं सोडून दिलं. दुकानात एखादी मुलगी चष्म्याला आली की मला हनुवटीवरचा व्रण आठवायचा. वाईट दिवस होते ते, उगाच कशाला खोटं सांगू.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. “मी वीणा. रविवारी सायकल घेऊन याल?”

माझ्या हातातली काच खाली पडली. “कशाला?”

“हात बरा झालाय. तीनदा पठारावर गेले आणि तिन्ही वेळा बाबांच्या जीपमधून खाली आले. सायकलवर बसते आणि पाय जमिनीवरून उचलत नाहीत.” ती जरा थांबली. “माझे सायकलवाले मित्र आहेत. ते म्हणतात, काही नाही होत, ये आमच्या मागं. त्यांच्या मागं मी जाऊ शकत नाही. पुढं हळू जाणारं कुणीतरी पाहिजे. तुमच्याइतकं हळू जाणारं माझ्या ओळखीत कुणी नाही.”

कुणाला वाटेल हा अपमान आहे. मी ती रात्र आनंदानं जागून काढली.

पठारावर पोचल्यावर तिनं आधी स्वतःच्या सायकलीचे ब्रेक दाबून बघितले, मग माझ्या सायकलीचे, मग मला दोन्हींचे बघायला लावले. मी पुढं निघालो. मागून तिच्या टायरचा आवाज येतोय का, तिकडं माझे कान. पन्नास पावलांवर तो थांबला.

“काय झालं?”

“काही नाही. जा तुम्ही.” तिचे हात ब्रेकवर पांढरे पडले होते. “नाही, जाऊ नका. काहीतरी बोला. गप्प राहिलं की मला तो आवाज ऐकू येतो.”

मग मी बोलायला लागलो. काय बोलणार? माझ्याकडं दुकानाशिवाय विषय नव्हता. मी तिला ओगलेवाडीच्या त्या आजोबांची गोष्ट सांगितली, जे चष्मा लागलाय हे बायकोपासून लपवायचे आणि माझ्याच दुकानात ठेवून जायचे. पेपर वाचायला रोज यायचे. एक दिवस त्यांची बायको आली आणि तिनंही तसाच चष्मा करून माझ्याकडंच ठेवला. वीणा मागून हसली. टायर वाजायला लागले. मी पुढं बघत बोलत होतो, दर वळणाच्या आधी ओरडून सांगत होतो, “आता आवरा! आता सोडा!” आणि मधल्या सपाटीवर पुढची गोष्ट. ती मागून प्रश्न विचारायला लागली. मग तिनं तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेची नक्कल केली, इतकी हुबेहूब की मला थांबून हसावं लागलं.

करवंदीच्या जाळ्या आल्या तशी ती गप्प झाली. मी उतरलो. तीही उतरली. आम्ही सायकली हातात धरून ते वळण चालत ओलांडलं. तिनं एकदाच त्या जागेकडं पाहिलं. पलीकडं गेल्यावर ती म्हणाली, “थांबा.” सायकल वळवून ती परत वर गेली, एकटी, वळणाच्या मागं. मी उभा राहिलो. मग ती आली. बूड उचललेलं, नजर वाटेवर, इतकी हळू की शेजारून म्हैस पुढं गेली असती. माझ्यापाशी येऊन थांबली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“पुढं काय झालं?” ती म्हणाली.

“कशाचं?”

“आजीबाईंच्या चष्म्याचं. अर्धीच सांगितलीत.”

खाली टपरीवर स्वामी सर येरझाऱ्या घालत होते. आम्हाला बघून धावतच आले. “अरे, सव्वा तास! तुला वीस मिनिटं लागतात! काय झालं? पडलीस पुन्हा?”

“नाही बाबा. बोलत बोलत आलो.”

“बोलत?” सर थबकले. “उतारावर? तू? अगं, माझ्याशी सपाटीवर बोलत नाहीस सायकल चालवताना!”

तिनं हेल्मेट काढलं आणि टपरीवाल्याकडं तीन चहा सांगितले. सर तिच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले. मग खिशातून फोन काढून त्यांनी नंबर शोधला आणि कानाला लावला.

“कुणाला?” वीणानं विचारलं.

“गुरुपादरावांना. बैठक कधी घ्यायची ते विचारतो.”

“आधी मला विचारा की!”

“तुलाच विचारतोय. ते फोन उचलेपर्यंत वेळ आहे. नाही म्हणायचं असेल तर तेवढ्यात म्हण.”

रिंग वाजायला लागली. मला ती बाकावर बसल्या जागी ऐकू येत होती. फोन उचलायला मामा कायमच उशीर लावतो. त्या दिवशी दहा वेळा तरी वाजली असेल. वीणानं चहाचा ग्लास उचलला, बिस्किट बुडवलं, खाल्लं, दुसरं घेतलं, तेही बुडवलं. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. ती फक्त चहा पीत राहिली, आणि पलीकडून मामाचा “हॅलो” येईपर्यंत एक शब्दही बोलली नाही.